केशराची ओळख कंदापासून: वर्षभराच्या निरीक्षणाची सविस्तर पद्धत

केशराला बी नसते. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवूनच या वनस्पतीचा अभ्यास सुरू करावा, कारण तिची बाकीची बहुतेक लक्षणे या एका गोष्टीशी बांधलेली आहेत. क्रोकस सटायव्हस हे शास्त्रीय नाव असलेली ही वनस्पती इरिडेसी कुलातली, म्हणजे ग्लॅडिओलस आणि आयरिस यांच्या नात्यातली आहे. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे नेहमीप्रमाणे दोन नव्हे, तर तीन संच असतात. आठाचा एक संच, म्हणून एकूण गुणसूत्रे २४. तीन संचांच्या जोड्या नीट लागत नाहीत, त्यामुळे परागकण आणि बीजांडे बहुतांशी निकामी राहतात व बी धरत नाही. रानात ही वनस्पती कुठेही आढळत नाही. ग्रीसमध्ये वाढणाऱ्या क्रोकस कार्टराइटियानस या रानटी जातीपासून ती निर्माण झाली असावी, आणि ही घटना अथेन्सभोवतालच्या ॲटिका भागात घडली असावी, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासांवरून दिसते. तेव्हापासून आजतागायत माणसाने कंद खणून काढायचे, वेगळे करायचे आणि पुन्हा लावायचे, याच मार्गाने ती टिकून आहे.

भारतात केशराची शेती काश्मीर खोऱ्यातील करेवा म्हणजे पठारी जमिनींवर, साधारण १६०० ते १८०० मीटर उंचीवर होते. पुलवामा जिल्ह्यातील पांपोर हे तिचे मुख्य केंद्र आहे. काश्मिरी केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातही बंद खोलीत तापमान राखून केशर फुलवण्याचे प्रयोग होऊ लागले आहेत, आणि त्यामुळे कंद विकत घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. दुर्दैवाने ‘केशराचे बी’ विकणारेही त्याच बाजारात आहेत. कंद, मूळ, फूल आणि पान स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता आले, तर फसगत टळते. शिवाय आपल्या खोलीत किंवा वाफ्यात काय चालले आहे याचा उलगडा होतो.

तयारी

साहित्य फारसे लागत नाही. धारदार चाकू, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी, एक-एक ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, एक बारीक सुई आणि औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडीन एवढे पुरेसे आहे. त्याखेरीज तीन-चार कंद कापण्यासाठी वेगळे ठेवावेत. कंद महाग असतात हे खरे. पण एकही कंद न कापता शेकडो कंदांचा व्यवहार करणे अधिक महाग पडते.

निरीक्षणाचे वेळापत्रक वनस्पतीच ठरवून देते. जून ते सप्टेंबर या काळात सुप्त कंद पाहावा, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फूल पाहावे, आणि तेथून एप्रिलपर्यंत पाने व नवा कंद यांच्याकडे लक्ष द्यावे. हे महिने काश्मीरच्या हवामानाचे आहेत. बंद खोलीत ते थोडे मागेपुढे होऊ शकतात, मात्र क्रम बदलत नाही.

पहिली पायरी: कंद बाहेरून पाहणे

कंद तळहातावर घ्यावा. चांगल्या वाढलेल्या कंदाचा व्यास साधारण दोन ते पाच सेंटिमीटर असतो. आकार गोलसर, पण तळाशी चपटा आणि वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो. बाहेर तपकिरी आवरण असते. ते कांद्याच्या सालीसारखे सलग कागदी नसून बारीक तंतूंचे बनलेले असते, आणि भिंगाखाली हे तंतू एकमेकांत गुंतून जाळी झालेली स्पष्ट दिसते. हे तंतू म्हणजे गेल्या हंगामातील पानांच्या तळांचे वाळलेले अवशेष होत.

आता आवरण नखाने हळूच सोलावे. आत पांढरट, गुळगुळीत कंद दिसतो आणि त्याच्यावर आडवी वर्तुळे उमटलेली असतात. ही वर्तुळे म्हणजे खोडाची पेरे. उसाच्या कांडीवर जशी पेरे असतात आणि प्रत्येक पेराशी डोळा असतो, अगदी तसेच येथेही असते. फरक इतकाच की कांड्या आखडून एकमेकींवर दबलेल्या असतात. म्हणून केशराचा कंद हे मूळ नव्हे, तर जमिनीखाली फुगलेले उभे खोड आहे, आणि वनस्पतिशास्त्रात त्याला दृढकंद म्हणतात. वरच्या टोकाला एक ते तीन ठळक डोळे असतात. फुले बहुधा यांतूनच येतात. खालच्या पेरांवरचे डोळे बारीक असतात आणि वरचे डोळे शाबूत असेपर्यंत ते सहसा दबून राहतात.

तळ उलटा करून पाहावा. तेथे वाळलेली, काळपट चकती चिकटलेली असेल किंवा ती निघून गेल्याचा गोल व्रण असेल. ही चकती म्हणजे आदल्या वर्षीचा मातृकंद. ती पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून तिची जागा नीट पाहून ठेवावी.

खरेदीच्या दृष्टीने दोन तपासण्या येथेच उरकाव्यात. अंगठ्याने सगळीकडून दाबून कंद टणक आहे ना हे पाहावे. मऊ, खोलगट किंवा तपकिरी डाग असलेला कंद बाजूला काढावा, कारण फ्युजेरियम या बुरशीमुळे होणारी कंदकूज अशाच डागांपासून सुरू होते आणि शेजारच्या कंदांत पसरते. नंतर वजन करावे. साधारण आठ ग्रॅमहून लहान कंदाला फूल येण्याची शक्यता कमी असते, आणि दहा ग्रॅमच्या पुढचे कंद अधिक भरवशाचे असतात. विक्रेता किलोवर भाव सांगत असेल, तर एका किलोत किती कंद बसतात हे जरूर मोजून घ्यावे. एका किलोत शंभरच्या आसपास कंद भरत असतील तर ते फुलण्याजोगे आहेत, दोनशे भरत असतील तर ती रोपवाटिकेची सामग्री आहे.

दुसरी पायरी: कंद कापणे

एक कंद वरून खाली उभा कापावा. आत सलग, पांढरा, भरीव गाभा दिसेल. शेजारी कांदा कापून ठेवल्यास फरक लगेच कळतो: कांद्यात अन्न मांसल पापुद्र्यांत, म्हणजे पानांच्या तळांत साठवलेले असते, तर केशरात ते खोडातच साठवलेले असते. आपल्या स्वयंपाकघरातला सुरण आणि अळकुडी हेही दृढकंदच आहेत. कापलेल्या भागावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला की तो निळा-काळा होतो, कारण गाभ्यात स्टार्च ठासून भरलेला असतो. ही चाचणी बटाट्यावरही तशीच उतरते, त्यामुळे तेवढ्यावरून केशर ओळखू नये. पेरांची वर्तुळे, तंतुमय आवरण आणि भरीव गाभा ही तिन्ही लक्षणे एकत्र पाहावीत. या स्टार्चच्या ओढीनेच काश्मीरमध्ये साळिंदर आणि उंदीर कंद उकरून खातात.

दुसरा कंद सप्टेंबरच्या सुरुवातीला कापावा, आणि या वेळी सुरी वरच्या ठळक डोळ्याच्या बरोबर मधून जाईल अशी काळजी घ्यावी. भिंगाखाली बाहेरून आत क्रमाने पांढरे आवरण-खवले, त्यांच्या आत पानांची बारीक टोके आणि सर्वांत मध्ये फुलाची इवलीशी कळी दिसते. मे महिन्यात काढलेल्या कंदात ही कळी नसते. ती काश्मीरच्या उन्हाळ्यात, कंद वरकरणी निपचित पडलेला असताना घडते. त्यासाठी २३ ते २७ अंश सेल्सिअस तापमान सर्वांत अनुकूल ठरते आणि ही उब कंदाला पन्नासहून अधिक दिवस मिळावी लागते. त्यानंतर तापमान १७ अंशांच्या आसपास उतरले की तयार झालेली कळी वर येते. म्हणजे केशराला आधी उब आणि मग थंडावा असे दोन्ही लागतात. फक्त थंडी दिली की केशर फुलते, ही समजूत चुकीची आहे.

खोलीतील प्रयोगांत माती-पाण्याशिवाय, नुसत्या ट्रेमध्ये ठेवलेल्या कंदांना फुले येतात, ती याच कारणाने. कळी आधीच तयार आहे आणि तिला लागणारे अन्न व पाणी कंदातच आहे. हे दृश्य पाहून अनेकांना वाटते की आपल्याला केशराची शेती साधली. मला तसे वाटत नाही. ट्रेमधले पहिले फूल ही मागल्या वर्षी ज्याने तो कंद पोसला त्याची कमाई असते. आपली कसोटी त्यानंतर लागते.

तिसरी पायरी: मुळे आणि कोंब

काश्मीरमध्ये ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कंद १० ते १५ सेंटिमीटर खोल, टोक वर ठेवून लावतात. ओलावा मिळाल्यावर तळाजवळच्या वर्तुळातून बारीक, पांढरी, फाटे न फुटलेली मुळे एकाच झालरीसारखी निघतात. एकदलिकित वनस्पतींना शोभेल अशीच ही तंतुमुळे असतात, सोटमूळ नसते. पुढे हिवाळ्यात नव्या कंदांच्या तळाशी आणखी एका प्रकारची मुळे येऊ शकतात. ती जाड, पांढरी, रसदार आणि वरच्या बाजूस आडव्या सुरकुत्या पडलेली असतात. ही मुळे आकसतात आणि नव्या कंदाला जमिनीत खाली ओढतात. नवा कंद जुन्याच्या डोक्यावर तयार होत असल्यामुळे दर वर्षी तो पृष्ठभागाकडे सरकत जातो, आणि ही मुळे त्या सरकण्याला काही प्रमाणात आवर घालतात.

कोंब जमिनीतून वर येतो तेव्हा तो पांढऱ्या, पातळ आवरण-खवल्यांत गुंडाळलेला असतो. ही खरी पाने नव्हेत. मातीतून टोक बाहेर काढताना आतल्या कोवळ्या भागाला इजा होऊ नये एवढेच त्यांचे काम.

चौथी पायरी: फूल

फुलासाठी सकाळची वेळ निवडावी, आणि शक्य झाल्यास एक फूल कंदासकट खणून काढावे. वरवर पाहणाऱ्याला सहा पाकळ्या आणि त्यांना धरणारा पांढरा देठ दिसतो. प्रत्यक्षात यांतले काहीच तसे नाही. सहा जांभळट पाकळ्या म्हणजे परिदले; बाहेर तीन आणि आत तीन अशा दोन मंडलांत ती असतात, प्रत्येकाची लांबी साधारण साडेतीन ते पाच सेंटिमीटर असते आणि त्यांवर गडद जांभळ्या शिरा असतात. निदल (बाहेरचे, बहुधा हिरवे आवरण) आणि दल (पाकळी) असा भेद येथे नसतो. पांढरा ‘देठ’ ही सहाही परिदले खाली जुळून झालेली नळी असते. फुलाचा खरा देठ अगदी आखूड असतो आणि तो जमिनीखालीच राहतो.

सुईने ही नळी वरून खाली अलगद चिरावी. आत एक पिवळसर, दोऱ्यासारखा कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या स्त्रीभागाचा दांडा, दिसतो. तो सोडत सोडत खाली जावे. जमिनीच्या पातळीच्या बरेच खाली, जवळजवळ कंदाला टेकलेले, काही मिलिमीटर लांबीचे अंडाशय सापडते. ते आडवे कापले तर आत तीन कप्पे दिसतात. परिदले अंडाशयाच्या वर जोडलेली असल्यामुळे अंडाशय अधःस्थ ठरते, आणि इरिडेसी कुलाचे हे ठळक लक्षण आहे. रानटी क्रोकसांच्या बाबतीत अशा गाडलेल्या अंडाशयाला थंडीपासून संरक्षण मिळते आणि पुढे बोंड पिकल्यावर ते वर ढकलले जाते. केशरात मात्र बोंड धरतच नाही, तरीही फुलाची ही सारी रचना जशीच्या तशी उरलेली आहे.

आता फुलाच्या मुखाशी परत यावे. पुंकेसर मोजावेत: ते तीन असतात, आणि परागकोष पिवळे असतात. यांना केशर समजून वेचणारे नवखे हौशी लोक असतात. परागकोषाला केशराचा ना रंग, ना वास. खरे केशर म्हणजे कुक्षीच्या, म्हणजे या दांड्याच्या टोकाच्या, तीन शाखा. त्या गर्द लाल, साधारण अडीच ते साडेतीन सेंटिमीटर लांब असतात, टोकाकडे तुतारीसारख्या रुंद होतात आणि भिंगाखाली त्यांच्या कडेला बारीक दातेरी कंगोरे दिसतात. त्या इतक्या लांब असतात की फूल पूर्ण उमलल्यावर परिदलांच्या मधून बाहेर लोंबतात. रंग क्रोसिनचा, कडवट चव पिक्रोक्रोसिनची. आणि ज्याला आपण केशराचा सुवास म्हणतो तो सॅफ्रनाल हा घटक प्रामुख्याने वाळवताना पिक्रोक्रोसिनपासून तयार होतो. म्हणूनच ताज्या फुलाला तसा वास येत नाही. नुसते लाल टोक वेगळे केले की त्याला मोंगरा म्हणतात. खालचा पिवळसर कुक्षीवृंत ठेवला की तो लच्छा. एक किलो वाळलेल्या केशराला साधारण दीड लाख फुले लागतात.

पाचवी पायरी: पाने आणि नवा कंद

केशर उत्पादकाने सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो या पायरीला, आणि सर्वांत कमी दिला जातो तोही येथेच.

पाने फुलाबरोबर किंवा त्याच्या किंचित मागून येतात. एका कोंबातून साधारण पाच ते अकरा पाने निघतात. ती गवतासारखी अरुंद, दोन-अडीच मिलिमीटर रुंद असतात आणि हिवाळा सरता सरता चाळीस सेंटिमीटरपर्यंत लांब होऊ शकतात. पानाच्या वरच्या बाजूला मधोमध पांढरी रेघ असते. तेथील पेशींत हरितद्रव्य नसते. पान आडवे कापून भिंगाखाली धरले तर खालच्या बाजूने मध्ये कणा आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोलगट चर दिसतात. ही पांढरी रेघ व कणा यांवरून फुले नसतानाही वाफ्यातले गवत आणि क्रोकस वेगळे करता येतात. मात्र ही लक्षणे क्रोकसच्या इतर जातींतही असतात, हे विसरू नये.

फुले वेचून झाल्यापासून एप्रिलपर्यंत ही पाने उन्हात अन्न तयार करतात. ते अन्न प्रत्येक कोंबाच्या तळाशी साठत जाते आणि तो तळ फुगून नवा कंद होतो. जानेवारीत आणि मार्चमध्ये एकेक झाड खणून पाहावे. जानेवारीत जुना कंद अजून भरलेला आणि त्याच्या माथ्यावर लहानसा फुगवटा दिसेल. मार्चमध्ये नवा कंद मोठा आणि जुना सुकत चाललेला दिसेल. पाने पिवळी पडेपर्यंत जुन्याची वाळकी चकती उरते. तळाशी पाहून ठेवलेली ती हीच. केशराचा कोणताही कंद एका वर्षाहून अधिक जगत नाही. दर वर्षी त्याची जागा नवे कंद घेतात.

जितके डोळे फुटतात तितके नवे कंद, आणि सर्वांना मिळून पाने बनवतील तेवढेच अन्न वाटून घ्यावे लागते. म्हणून खूप डोळे फुटलेल्या कंदावर पुष्कळ पण लहान कंद मिळतात आणि त्यांतले बरेचसे पुढल्या वर्षी फुलत नाहीत. खोल लागवडीत कंदांची संख्या कमी, पण आकार मोठा मिळतो. महाराष्ट्रातील मैदानी भागात अडचण नेमकी येथे येते: खोली थंड करून ऑक्टोबरमध्ये फुले आणता येतात, पण पुढचे चार-पाच महिने पानांना थंड हवा आणि पुरेसा प्रकाश एकाच वेळी देणे खर्चाचे काम आहे. उष्णतेने पाने फेब्रुवारीतच वाळली, तर नवे कंद हरभऱ्याएवढे राहतात आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा काश्मीरहून कंद विकत घ्यावे लागतात. कोणी खोलीतील केशराचा हिशेब दाखवला, तर त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीच्या कंदांचे वजन विचारावे.

तोतये ओळखणे

‘अमेरिकन केशर’ या नावाने विकले जाते ती करडई असते. तिचे बी पेरतात, पाने काटेरी असतात, पिवळी-नारिंगी फुले बोंडावर गुच्छाने येतात आणि जमिनीखाली कंद नसतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला करडई ओळखायला कोणी शिकवावी लागत नाही. तरीही नाव बदलून, शोभिवंत पाकिटात आलेल्या बियाण्याला माणसे फसतात.

दुसरा तोतया धोक्याचा आहे. कोल्चिकम या वनस्पतीची फुले शरद ऋतूत, पानांशिवाय, थेट जमिनीतून येतात आणि क्रोकससारखीच जांभळट दिसतात. तिलाही दृढकंद असतो, पण तो एका अंगाला तिरपा आणि गुळगुळीत तपकिरी सालीचा असतो. निर्णायक खूण फुलात आहे: कोल्चिकममध्ये पुंकेसर सहा असतात, क्रोकसमध्ये तीन. कोल्चिकमच्या सर्व भागांत कोल्चिसिन हे तीव्र विष असते, म्हणून पुंकेसर मोजल्याखेरीज अनोळखी फुलातले काहीही तोंडात घालू नये.

शोभेसाठी विकले जाणारे क्रोकस बहुतेक वसंतात फुलतात. त्यांच्या कुक्षी आखूड आणि पिवळ्या-नारिंगी असतात. लाल आणि परिदलांबाहेर लोंबणाऱ्या नसतात.

सहावी पायरी: काढणी आणि साठवण

पाने पूर्ण पिवळी होऊन वाळल्याशिवाय कंद काढू नयेत, कारण शेवटच्या हिरव्या पानातले अन्नही कंदात उतरायचे असते. खणून काढल्यावर जुन्या कंदाची चकती व सुटे आवरण दूर करावे, पण आतले तंतुमय आवरण राहू द्यावे. ते इजा आणि कोरडेपणा या दोहोंपासून कंदाला जपते. जखमी आणि डाग पडलेले कंद वेगळे काढावेत. उरलेल्यांची वजनानुसार प्रतवारी करावी: आठ ग्रॅमच्या वरचे फुलांसाठी, त्याखालचे एखाद-दोन वर्षे नुसते पोसण्यासाठी. सावलीत, कोरड्या आणि खेळत्या हवेत, एका थरात पसरून ते ठेवावेत. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास ओल धरून बुरशी लागते. पावसाळ्यातली दमट हवा कोकणात आणि मुंबईत या कामी विशेष त्रासदायक ठरते, म्हणून तेथे आठवड्यातून एकदा प्रत्येक ट्रे चाळून मऊ पडलेला कंद त्याच दिवशी बाहेर काढावा.